वाचक विचारतात : एमएस आणि मंदावलेलं डोकं

मागच्या अंकात मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल, म्हणजे आपण सगळेच ज्याला एमएस म्हणतो त्याबद्दल, एका वाचकाला उत्तर दिलं होतं. हातापायांना मुंग्या, एका डोळ्याला अचानक धूसर दिसणं, चालताना तोल जाणं, एवढ्यावरच ते उत्तर होतं. अगदी शेवटी एक ओळ होती : 'या आजारात स्मरणशक्ती आणि विचारांचा वेगही कमी होऊ शकतो.' त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली, तेवढी बाकीच्या सगळ्या उत्तरावर आली नाहीत. कुणी आठ वर्षांपासून, कुणी बारा वर्षांपासून हे सोसत होतं आणि हे आजारातलंच आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या एका ओळीला दिलं आहे.

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. मेंदूच्या आजारात माणसाचं लक्ष, आठवण, भाषा, नियोजन यांपैकी काय किती शाबूत आहे हे चाचण्या घेऊन मोजणं हे माझं रोजचं काम. माझ्या थोरल्या बहिणीला एमएस होता. उत्तरांत तिचा उल्लेख येईल, तो टाळून मला हे लिहिता येणार नाही.

प्रश्न : मॅडम, माझ्या पत्नीला एमएस होऊन आठ वर्षं झाली. चालणं ठीक आहे, नोकरीही करते. पण दोन वर्षांपासून घरात रोज वाद होतात. मी सांगितलेलं तिच्या लक्षात राहत नाही आणि 'तू मला सांगितलंच नाहीस' असं ठामपणे म्हणते. चारचौघांत गप्पा चालल्या असतील तर गप्प बसते, आणि विषय बदलून गेल्यावर आधीच्या विषयावर बोलते. मुलं हसतात. मला वाटतं ती लक्षच देत नाही, कारण लग्नाआधीच्या गोष्टी तर तारीखवार सांगते. मग याला आजार कसं म्हणायचं?

उत्तर : दादा, तुमचं पत्र एकदा वाचून मी बाजूला ठेवलं आणि बऱ्याच वेळाने पुन्हा हातात घेतलं. 'मुलं हसतात' या दोन शब्दांमुळे. आमच्या घरी हसणाऱ्यांत मी होते.

आम्ही भावंडं जमलो की एकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्याचं सुरू व्हायचं. ताई ऐकत बसलेली असायची. कपाळाला किंचित आठी, मनात काहीतरी जुळवतेय असं दिसायचं. आम्ही दोन विषय ओलांडून पुढे गेलेलो असायचो आणि तेव्हा ती पहिल्या विषयावर बोलायची. 'ताईची गाडी नेहमी लेट' असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो. हळूहळू ती बोलेनाशी झाली. आम्ही समजलो, आजाराने स्वभाव अबोल झाला. तिचं म्हणणं दर वेळी नेमकं आणि मुद्द्याचं असायचं, हे मला पुढे हा विषय शिकायला लागल्यावर कळलं. ते तिला सांगायची संधी मला मिळाली, पण तोवर बरीच वर्षं गेली होती. तुमच्या हातात ती वर्षं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. ते सलग नसतं, त्यात ठरावीक अंतरावर उघड्या फटी असतात आणि विद्युत संदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या घेत पळतो. त्या उड्यांमुळेच तो इतका वेगवान असतो. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती हे आवरण कुरतडते. मग संदेशाला उडी घेता येत नाही, तो रांगत जातो किंवा वाटेतच विझतो. आवरण असं कुरतडलं गेलेली जागा म्हणजे चट्टा. तो डोळ्याच्या नसेवर पडला तर धूसर दिसतं, मज्जारज्जूत पडला तर पाय ओढला जातो. मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाणाऱ्या वाटांवर असे चट्टे पसरले, की विचारच सावकाश होतो. शिवाय हा आजार फक्त मेंदूच्या आतल्या, या वाटा जिथून जातात त्या पांढऱ्या भागाचा नाही. मेंदूच्या बाहेरच्या करड्या सालीतही चट्टे पडतात, आणि मेंदूच्या मधोमध असलेला थॅलॅमस, जिथे किती तरी वाटा येऊन मिळतात, तो लवकरच आकसायला लागतो. थॅलॅमस जितका आकसलेला, तितकी विचारांची गती कमी, हे एमआरआयच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आता तुमच्या घरातला वाद बघा. तुम्ही एक गोष्ट सांगता, त्याच वेळी टीव्ही चालू असतो, मुलगा काहीतरी विचारत असतो. तुमच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग तिच्या डोक्यात पोचून अर्थ लागेपर्यंत दुसरा अर्धा येऊन गेलेला असतो. जे पुरतं आत गेलंच नाही, ते आठवणार कुठून? म्हणून ती म्हणते, 'तू सांगितलंच नाहीस.' ती खोटं बोलत नाही. तिच्या बाजूने ते खरंच घडलेलं नाही.

याला आधार आहे. १९९४ साली जॉन डीलूका या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एमएस असलेल्या आणि नसलेल्या लोकांना शब्दांची यादी शिकवली. यादी नीट पाठ होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा ऐकवायची, अशी पद्धत होती. एमएस असलेल्यांना जास्त वेळा ऐकावी लागली. पण एकदा पाठ झाल्यावर काही काळाने विचारलं, तेव्हा दोन्ही गटांना सारखंच आठवत होतं. म्हणजे साठवणीची कोठी बऱ्यापैकी धड असते, दार अरुंद झालेलं असतं. लग्नाआधीच्या गोष्टी आजाराच्या आधी, रुंद दारातून आत गेल्या आहेत. त्या तिला तारीखवार आठवणारच. तुम्ही जो पुरावा तिच्या विरुद्ध मांडलात, तो तिच्या बाजूचा आहे.

आणि 'चालणं ठीक आहे' हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. पाय धड म्हणजे डोकंही धड, हा समज फार पक्का आहे, डॉक्टरांमध्येसुद्धा. या दोन गोष्टी एकमेकींच्या तालावर चालत नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसलेली माणसं माझ्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवतात आणि जिने चढून आलेली माणसं अडखळतात.

घरी काय करायचं? बोलण्याआधी टीव्ही बंद करा आणि समोर या. दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगितलेलं सांगितल्यात धरू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा. सांगून झाल्यावर 'लक्षात राहील ना?' असं न विचारता 'मग आपलं काय ठरलं?' असं विचारा आणि तिला तिच्या शब्दांत बोलू द्या. माणसाने स्वतःच्या तोंडून काढलेली गोष्ट नुसत्या ऐकलेल्या गोष्टीपेक्षा पक्की बसते, आणि एमएसमध्येही ती तशीच बसते हे प्रयोगांत दिसलं आहे. नंतर ते एका ठरलेल्या जागी लिहून ठेवा. वही असो, भिंतीवरचा फळा असो, मोबाइल असो, जागा एकच हवी. चार ठिकाणी लिहिलेलं शोधणं हे तिच्यासाठी नवीन काम होतं.

ती बोलायला लागली की मध्येच तिचं वाक्य पुरं करू नका. शब्द जिभेवर येऊन अडतो तेव्हा चार-पाच सेकंदांची शांतता होते. ती शांतता तुम्हाला खूप लांब वाटेल. थांबा.

मुलांना एका संध्याकाळी बसवून सांगा, आईचं ऐकू येणं आणि समजणं शाबूत आहे, तिला फक्त वेळ जास्त लागतो. आणि हे तिच्यासमोर सांगा. तिच्या पाठीमागे सांगितलं तर ते दुसरंच काहीतरी होतं.

प्रश्न : माझं वय ३४. पाच वर्षांपूर्वी एमएसचं निदान झालं. मी हिशेबाच्या कामात आहे. पूर्वी दुपारपर्यंत उरकणारं काम आता संध्याकाळपर्यंत चालतं आणि तरी आकडे दोनदा तपासावे लागतात. कुणी मध्येच काही विचारलं तर कुठे होते तेच सापडत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, 'एमआरआयमध्ये नवीन काही नाही, ताण घेऊ नका.' मग हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? ऑफिसात सांगावं का?

उत्तर : तुमच्या पत्रात एका शब्दाचीही चूक नाही आणि प्रत्येक मुद्दा जागच्या जागी आहे. ते लिहायला तुम्हाला किती वेळ लागला असेल याचा अंदाज मला आहे.

मनाचे खेळ नाहीत. एमआरआयमध्ये नवीन चट्टा नाही, याचा अर्थ त्या प्रकारच्या फोटोत दिसणारा नवीन चट्टा नाही, एवढाच. करड्या सालीतले चट्टे नेहमीच्या एमआरआयमध्ये बहुतेक दिसतच नाहीत. मेंदूचं आकसणं डोळ्यांनी बघून कळत नाही, ते मोजावं लागतं. कधी कधी तर अटॅक, म्हणजे आजाराचा अचानक आलेला जोर, येतो तोच फक्त विचारशक्तीवर, हातपाय जसेच्या तसे, आणि काही आठवड्यांनी चाचणीतले गुण पुन्हा वर येतात. अशा अटॅकची नोंद झालेली आहे, पण आधीचा आकडा हाताशी नसेल तर तो ओळखताच येत नाही.

डॉक्टरांबद्दल राग धरू नका, पण गप्पही बसू नका. या बाबतीत सगळं वैद्यकशास्त्रच उशिरा जागं झालं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये हा आजार नीट वर्णन करून सांगितला, तेव्हा या रुग्णांची स्मृती क्षीण होते आणि कल्पना सावकाश जुळतात हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पुढची शंभरेक वर्षं त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. एमएस किती वाढला हे मोजायला आजही जी ईडीएसएस नावाची पट्टी वापरतात, जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली, तिच्यातले वरचे टप्पे मुख्यतः तुम्ही किती अंतर चालता यावर ठरतात. चालणाऱ्या माणसाला ती पट्टी 'बरं आहे' म्हणते. चित्र पालटलं ते १९९१ मध्ये स्टीफन राव यांनी समाजातल्या, दवाखान्यात भरती नसलेल्या एमएस रुग्णांची तपासणी केली तेव्हापासून. त्यांच्यात सुमारे ४३ टक्के लोकांची विचारशक्ती कमी झालेली आढळली. त्यानंतरच्या अभ्यासांत हा आकडा साधारण ४० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान येत राहिला आहे.

म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे एकच गोष्ट मागा : एसडीएमटी. विचारांचा वेग मोजणारी ही चाचणी नव्वद सेकंदांची आहे. माझ्या टेबलावर तिचा कागद रोज असतो. वर एका ओळीत नऊ चिन्हं आणि प्रत्येकाखाली एक ते नऊपैकी एक अंक. खाली ओळींमागून ओळी नुसत्या चिन्हांच्या. वरचं बघायचं, खालच्या चिन्हाचा अंक मोठ्याने म्हणायचा, पुढे जायचं. अंक मी लिहिते, कारण एमएसमध्ये हातही मंद असू शकतो आणि मला हात मोजायचा नसतो. पहिल्या वीस सेकंदांत सगळे सारखेच वाटतात. मग फरक पडायला लागतो. ज्यांचा वेग शाबूत आहे त्यांना एव्हाना तीन-चार जोड्या पाठ झालेल्या असतात, नजर वर जातच नाही. बाकीच्यांची नजर दर चिन्हाला वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. उत्तरं बरोबरच असतात. चुका फारच थोड्या होतात. फक्त घड्याळ थांबतं तेव्हा ती दोन ओळी मागे असतात.

एका वेळच्या आकड्यापेक्षा दोन वेळच्या आकड्यांतला फरक जास्त बोलतो. चार गुणांची घट झाली तर ती रोजच्या कामात जाणवण्याइतकी मानतात. आजार कळल्यावर लगेच एकदा आणि मग दर वर्षी ही चाचणी करावी, अशी शिफारस २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल एमएस सोसायटीच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाली आहे, आठ वर्षांवरच्या मुलांसाठीसुद्धा. जरा सविस्तर तपासणी हवी असेल तर बायकॅम्स नावाचा संच आहे. त्यात एसडीएमटीबरोबर शब्दांची आणि आकृत्यांची आठवण तपासतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. एवढा वेळ कुठल्याही दवाखान्यात निघतो, असं माझं ठाम म्हणणं आहे.

गुण कमी आले तरी सगळा दोष चट्ट्यांवर टाकू नका. एमएस असलेल्या साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं, आणि नैराश्यात डोकं संथ चालतं. झोप मोडत असेल, रात्री लघवीला चार वेळा उठावं लागत असेल, पाय आखडू नयेत म्हणून किंवा नसांच्या वेदनेसाठी दिलेल्या गोळ्यांनी गुंगी येत असेल, थायरॉइड किंवा बी-१२ बिघडलं असेल, तर हे सगळं त्याच आकड्यात मिसळतं. यातलं बरंच काही दुरुस्त होण्यासारखं असतं. एक गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे की लिहायलाच हवी. 'मला काहीच आठवत नाही' असं रडत सांगणाऱ्या काही जणांचे गुण ठीक निघतात आणि नैराश्य मोठं निघतं. आणि 'मला काही त्रास नाही' म्हणणाऱ्याच्या शेजारी बसलेली बहीण किंवा नवरा नुसतं बघत असतो, आणि शेवटी बरोबर त्या घरच्यांचंच निघतं. म्हणून चाचणीला जाताना घरचं एक माणूस बरोबर न्या.

ऑफिसचं. माझं मत असं, की सांगावं, पण हातात आकडा आल्यावर आणि चुका साचायच्या आधी. चुका झाल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते, आधी सांगितलं तर ती तयारी असते. आजाराचं व्याख्यान द्यायची गरज नाही. नेमकं काय हवं ते मागा : सकाळचे दोन तास आकड्यांसाठी, त्यात फोन नाही आणि कुणी हाक मारायची नाही. तोंडी सांगितलेलं काम दोन ओळींत लिहून मिळावं. एक काम हातावेगळं झाल्यावर दुसरं. आणि कुणी मध्येच आलंच, तर त्याच्याकडे बघण्याआधी जिथे आहात तिथे पेन्सिलीची एक खूण करा. माझ्याकडे येणारे एक हिशेबनीस ही खूण करायला लागल्यापासून मला सांगतात, की अर्धा थकवा गेला. थकवा आकड्यांचा नव्हताच, दर वेळी जागा शोधण्याचा होता.

प्रश्न : बाबांना (वय ५८) बऱ्याच वर्षांपासून एमएस आहे, आता चाकाच्या खुर्चीत असतात. गेल्या सहा महिन्यांत विसरणं खूप वाढलंय. मागच्या आठवड्यात तर दोन दिवस ते भलतंच बोलत होते. हा अल्झायमर आहे का? कधी कधी कारण नसताना रडतात, ते थांबतच नाही.

उत्तर : बाळा, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यासारख्या दिसतात. त्या सुट्या करू.

दोन दिवसांत बिघडलेलं डोकं म्हणजे अल्झायमर नव्हे. इतक्या झपाट्याने गोंधळ होतो तेव्हा आधी ताप आणि लघवीतला संसर्ग बघायचा. एमएसमध्ये शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी आधीच कमकुवत झालेल्या तंतूंतून संदेश जाईनासा होतो. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये दृष्टीच्या बाबतीत हे टिपलं, विचारांच्या बाबतीतही तसंच घडतं. संसर्ग बरा झाला की पुष्कळ परत येतं. पुन्हा असं झालं तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

सहा महिन्यांचं वाढलेलं विसरणं. या काळात लघवीवर ताबा राहावा म्हणून नवी गोळी सुरू झाली का, ते बघ. ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचं कामही अडवतात आणि आठवणीवर त्याचा परिणाम होतो. आपल्या मनाने बंद करू नकोस. सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि 'यातली डोकं जड करणारी कुठली?' असा सरळ प्रश्न विचार.

अल्झायमरमध्ये आठवण साठतच नाही, खूण देऊनही उपयोग होत नाही. एमएसमध्ये सहसा थोडी खूण दिली, 'त्या दिवशी कोण आलं होतं, दाढीवाले…' एवढं म्हटलं, की माणसाला उरलेलं सापडतं. भाषाही बहुतेक टिकून असते. फार वर्षांच्या, सतत वाढत जाणाऱ्या एमएसमध्ये विचारशक्ती खूप खालावू शकते, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण बहुतेकांच्या बाबतीत ते त्या थराला जात नाही. या वयात दोन्ही आजार एकत्र असणंही अशक्य नाही, म्हणून तपासणी करून घेच.

आणि रडणं. त्यांना विचार, 'बाबा, आत्ता खरंच वाईट वाटतंय का?' पुष्कळदा ते मान हलवून नाही म्हणतील. एमएसमध्ये साधारण दहातल्या एकाला असं होतं, भावना आणि तिचा चेहऱ्यावरचा उमाळा यांचा दुवा सुटतो. त्यावर औषधं आहेत. रडणं थांबेपर्यंत समजूत घालत बसू नकोस, त्याने ते वाढतं. हात धर आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोल.

प्रश्न : एमएसमधल्या विसरभोळेपणावर गोळी आहे का? मोबाइलवरचे मेंदूचे खेळ खेळून फायदा होतो का?

उत्तर : खात्रीची गोळी नाही. अल्झायमरमध्ये वापरतात ते डोनेपेझिल एमएसमध्ये आधी एका लहान चाचणीत उपयोगी वाटलं, पण २०११ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला तेव्हा फरक दिसला नाही. मेमँटिन हे अल्झायमरचंच दुसरं औषध आणि गिंको ही वनस्पती, यांनीही निराशाच केली. कुणी 'मेमरी टॉनिक' म्हणून काही देत असेल तर पैसे वाचवा.

शिकवणीचा मात्र उपयोग होतो. 'स्टोरी मेमरी टेक्निक' नावाची एक पद्धत आहे, पाच आठवड्यांत दहा बैठका. त्यात लक्षात ठेवायच्या गोष्टी मनात चित्र करून पाहायला आणि त्यांची गोष्ट गुंफायला शिकवतात. २०१३ मध्ये तिची काटेकोर चाचणी झाली आणि शिकण्याची क्षमता वाढल्याचं दिसलं. मी ती वापरते, आणि ज्यांना आधी 'हे पोरखेळ आहेत' असं वाटतं तेच तिसऱ्या बैठकीत त्यांच्या स्वतःच्या गोष्टी रचून आणतात.

संगणकावरच्या, अवघडपणा आपोआप वाढवत नेणाऱ्या सरावाने वेगात थोडी सुधारणा दिसते. साध्या खेळांनी तुम्ही त्या खेळात तरबेज होता, एवढंच. व्यायामाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. सहा देशांत मिळून ३११ जणांवर झालेल्या कॉगएक्स चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. वाढत्या एमएसमध्ये डोक्याचा सराव आणि दमछाक करणारा व्यायाम एकत्र दिले तर एकेकट्यापेक्षा जास्त फायदा होईल ही आशा होती, ती खरी ठरली नाही. व्यायाम सोडा असा याचा अर्थ नाही. झोप, मनःस्थिती आणि चालणं यांसाठी तो हवाच.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी निदान झालं. सध्या डोकं व्यवस्थित चालतं. पुढे माझंही असं होणार का?

उत्तर : होईलच असं नाही. वरचे आकडे उलट बाजूने वाचा, तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोक यातून सुटतात. आणि त्यातले कितीतरी लोक आजच्या औषधांच्या आधीच्या काळातले आहेत. मेंदू सगळ्यांचाच वयाबरोबर थोडा थोडा आकसतो. उपचार न केलेल्या एमएसमध्ये ते काही पटींनी जास्त वेगाने होतं, दर वर्षी साधारण अर्धा ते सव्वा टक्का. म्हणून न्यूरॉलॉजिस्टने सुचवलेलं औषध 'आत्ता तर बरं वाटतंय' म्हणून पुढे ढकलू नका. सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा, तिने या आजाराचा वेग वाढतो.

वाचन, शिक्षण, डोक्याला काम देणारे छंद यांनी मेंदूची शिल्लक वाढते. तेवढंच नुकसान झालेल्या दोन माणसांपैकी ज्याची शिल्लक जास्त, त्याला त्रास उशिरा आणि कमी जाणवतो, हे एमएसमध्ये चांगलं अभ्यासलं गेलं आहे. तुमचं जे काही चालू असेल ते एमएस झाला म्हणून सोडू नका. ताईने आजार कळल्यावर पहिल्या वर्षी पेटीचा क्लास सोडला, 'आता काय उपयोग' म्हणून, आणि आम्ही कुणी तिला थांबवलं नाही. हे मला अजून सलतं.

आणि या महिन्यातच एसडीएमटी करून घ्या, डोकं व्यवस्थित चालतंय तोवरच. आजाराआधी तुम्ही जसे होता, त्याच्या सगळ्यात जवळचा तो आकडा असेल. स्टिरॉइडचा कोर्स चालू असताना किंवा अटॅकच्या दिवसांत नको. रात्री नीट झोपून सकाळी जा. चष्मा असेल तर तो लावूनच बसा, डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेली असेल तर तपासणाऱ्याला आधी सांगा. मिळालेला आकडा आणि तारीख तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहा, आणि त्याचा फोटो घरच्या एकाकडे ठेवा.